घमेल्यावरचं गाणं

क्लेटन, मेलबर्न
१७ फेब्रुवारी २००८

प्रिय आबा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पप्पा माझे निरोप तुम्हाला ओरडून सांगतात त्यातले अर्धे वाटेतच हरवतात. म्हणून ठरवलं, आपलं पत्रच बरं. दहावीनंतर एवढं मराठी लिहिलेलं नाही. शुद्धलेखन बघू नका.

मी मजेत आहे. युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आम्ही चौघी आहोत, त्यातल्या नीरजा आणि मंजिरी पुण्याच्याच. पण सगळ्यांचे क्लास आणि शिफ्ट अशा आहेत की आम्ही फ्रीजवर लावलेल्या चिठ्ठ्यांतूनच भेटतो. मला युनिव्हर्सिटीजवळच्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम मिळालंय. दुपारी म्हाताऱ्या माणसांना चहा द्यायचा. ट्रॉली ढकलत खोलीखोलीतून फिरायचं. काम सोपं आहे.

बुधवारी मात्र एक वेगळंच बघितलं. इथल्या मूळ लोकांची मुलं पूर्वी सरकार आईबापांपासून काढून नेत असे. गोऱ्यांसारखी वाढावीत म्हणून. त्याबद्दल त्या दिवशी पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. होममध्ये सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं. आमच्याकडे एक मर्ल आंटी आहेत. इथे मूळ लोकांत मोठ्या बाईला मानाने आंटी म्हणतात. त्या लिपस्टिक लावून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जणू त्यांनाच कुठे बोलावलं होतं. 'सॉरी' शब्द आला तशा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आंटींनी नाही वाजवल्या. मी चहा दिला तेव्हा म्हणाल्या, "साखर दोन चमचे, लव्ह. आईला हे ऐकायला मिळालं नाही."

मी तीन चमचे घातली.

इकडची काळजी करू नका. मी मजेत आहे.

तुमची
प्रतीक्षा

*

मनमाड
१२ मार्च २००८

चि. प्रतीक्षा,

जय भीम. पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा वाटलं, पेन्शनचं काही आहे. परदेशी तिकीट बघून तोही थांबला. म्हणाला असेल काहीतरी, मी मान हलवली.

मजेत आहे असं तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तर विश्वास बसला असता.

त्या आंटींविषयी वाचलं. आपल्याकडे डोंगरात आदिवासी आहेत, तसेच का हे लोक? त्यांना घरी जाता आलं का पुढे? आई भेटली का? माफी मागितल्यावर माणसाने काय करायचं असतं, हे त्यांना विचार. आमच्याकडे अजून कुणी मागितली नाही, त्यामुळे मला माहीत नाही.

माझी तब्येत बरी. वर्कशॉपच्या घणांनी कान नेले, बाकी यंत्र चालू आहे. सकाळी विहारात जातो, बसतो, येतो. लोक बोलतात, मी त्यांची तोंडं बघतो.

तिथल्या थंडीची तयारी आत्ताच कर.

आबा

*

क्लेटन
२० एप्रिल २००८

प्रिय आबा,

तुमचा प्रश्न आंटींना विचारला. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला सांग, माफी मागितल्यावर चहा प्यायचा. तो गार होतो." मग खूप हसल्या आणि खोकल्या. त्यांचं फुप्फुस खराब आहे.

त्या सहा-सात वर्षांच्या असताना गाडी आली. आई नदीवर कपडे धूत होती. शहरातल्या अनाथाश्रमात त्यांना सांगितलं की आई वारली. ती वारली नव्हती. तिशी उलटल्यावर त्या शोधत शोधत आपल्या नदीवर परत गेल्या, तेव्हा मात्र आई खरोखरच गेली होती. एक मावशी उरली होती. त्या मावशीने त्यांच्या लोकांच्या दोन-तीन गोष्टी त्यांना दिल्या. 'दिल्या' असंच म्हणतात त्या. आता त्यांना त्या नातीला द्यायच्यात. ती टालिया, पंधरा वर्षांची. रविवारी येते, कानात इअरफोन घालून बसते आणि घड्याळ बघते.

आंटींनी मला एक प्रश्न विचारला. "हू इज युअर मॉब?" मॉब म्हणजे गर्दी नाही. आपली माणसं. तू कुणांतली, असं.

आबा, हाच प्रश्न मला नीरजानेही विचारला होता.

"पगारे म्हणजे मूळचे कुठले गं तुम्ही?"

"पुण्याचे."

"नाही गं, मूळचे?"

"नाशिककडचे."

"अच्छा," म्हणाली आणि हसली. तिला हवं होतं ते उत्तर तिला मिळालेलं होतं. त्यानंतर एकदा जेवताना कोट्याच्या ॲडमिशनवरून बोलणं निघालं. मंजिरी म्हणाली, "प्रेझेंट कंपनी एक्सेप्टेड हं." म्हणजे इथे बसलेल्यांना सोडून. सगळ्या हसल्या. मी ताटं घासायला उठले.

आंटींच्या प्रश्नात तसलं काही नव्हतं. तरी मला पटकन उत्तर आलं नाही. चौदा एप्रिलला दिवसभर कुणाला जय भीम म्हणाले नाही. म्हणायला कुणी नव्हतंच. संध्याकाळी ट्रॉली घेऊन गेले तेव्हा आंटींना सांगितलं, आज आमच्याकडे मोठा दिवस असतो. म्हणाल्या, "तुझ्या मॉबचा?" मी हो म्हटलं. "मग उभ्या उभ्या काय सांगतेस? बस." बसले. आणि मला जे सांगता आलं ते सगळं शाळेच्या पुस्तकातलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "हे मोठ्या माणसाचं झालं. तुझी आजी काय करत होती तेव्हा?"

पप्पा एकदा म्हणाले होते की तुम्ही जलशात गायचात. काय गायचात? मला लिहून पाठवाल?

प्रतीक्षा

*

मनमाड
१५ मे २००८

चि. प्रतीक्षा,

जय भीम. जलसा म्हणजे ढोलकी, तुणतुणं आणि आठ-दहा माणसं. गावोगाव फिरून लोकांना जागं करायचं. झाल्या त्या गोष्टी. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून विचारलंस, ते पोचलं.

परीक्षा जवळ आली असेल. अभ्यास कर. इकडे ऊन फार आहे.

आबा

*

क्लेटन
२२ जून २००८

प्रिय आबा,

वर नवीन पत्ता लिहिला आहे. हे घर स्टेशनला जवळ पडतं. गॅरेजची खोली केली आहे, स्वतंत्र दार आहे, त्यामुळे अभ्यास चांगला होतो. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, पण मुलीकडे गेल्या आहेत महिनाभर.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी विचारलं नव्हतं. मला पाहिजे म्हणून विचारलं होतं.

गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते, म्हणजे कळेल. टालिया काही केल्या ऐकत नव्हती. एका रविवारी आंटींनी मला हाक मारली. "ट्रॉली बाहेर ठेव. इथे खुर्चीवर बस आणि मी बोलेन तेव्हा माझ्याकडे असं बघ, जणू तुझा जीव अडकलाय त्यात." मी बसले. त्या नदीची गोष्ट सांगू लागल्या. नदी वळणं का घेते, आणि एक पक्षी होता, त्याची. त्यातलं बाहेरच्यांना सांगता येईल तेवढंच सांगत होत्या, पण मला नाटक करावंच लागलं नाही. जीव खरोखरच अडकला. टालिया खिडकीपाशी होती. थोड्या वेळाने तिने एक इअरफोन काढला. मग दुसरा. आणि एकदम चिडून आजीला म्हणाली, "नॅन, दॅट्स अवर्स! तिला का सांगतेस?"

आंटी अशा हसल्या! "घे मग," म्हणाल्या. "तुझी आहे तर तू सांभाळ."

त्या दिवसापासून टालिया आठवड्यातून दोनदा येते. जुलैत इथल्या मूळ लोकांचा सप्ताह असतो, तेव्हा शाळेत ती गोष्ट सांगणार आहे. आंटी तिच्याकडून घोकून घेतात. पण पुढचं सगळं फक्त घरच्यांसाठी असतं. परवा मी चहा ठेवला, आंटींनी माझ्या हातावर थोपटलं, आणि मी बाहेर आले. टालियाने दार लावून घेतलं. बरोबरच होतं ते. गोष्ट तुम्हालाही लिहिणार नाही, ती कागदावर उतरवायची नाही असं त्यांनी सांगितलंय.

पण मी ट्रॉली धरून त्या बंद दाराबाहेर उभी होते आणि मला वाटलं, आबा, या जगात असं एखादं दार असेल ना, जे दुसऱ्या कुणी ऐकू नये म्हणून मी आतून लावून घ्यावं, आणि आत माझं कुणी असावं?

लिहा. प्लीज.

प्रतीक्षा

*

मनमाड
१९ जुलै २००८

चि. प्रतीक्षा,

जय भीम.

पत्ता बदललास. कारण लिहिलं नाहीस. स्टेशन जवळ पडतं म्हणून माणूस गॅरेजमध्ये राहायला जात नाही. मी विचारत नाही. घर कसं बदलावं लागतं ते मला ठाऊक आहे.

मी पुणं का सोडलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तू आठ वर्षांची होतीस. सोसायटीत कोजागिरी होती. गच्चीवर सगळे गाणी म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुम्ही पण म्हणा की काहीतरी." मी उभा राहिलो आणि जलशातलं म्हटलं. आवाज तेव्हा होता. टाळ्या वाजल्या. पण टाळ्यांच्या आधी थोडी शांतता झाली, त्यात तुझ्या बापाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी भास्कर एवढंच म्हणाला, "आबा, इथं नको." तो वाईट नाही. त्याला तुला सुखाने वाढवायचं होतं. मी रागावलो नाही, पण नंतर तिथे करमेना. त्यानंतर गायलो नाही. मग कान गेले, तेव्हा वाटलं, आता कशाला.

तुझ्या आंटींनी विचारलंय, आजी काय करत होती. तुझ्या पणजीचं सांगतो. माझी आई, हौसाबाई. ती रस्त्याच्या कामावर माती वाहायची.

मी सोळा-सतराचा असेन. चांदवडच्या अलीकडे एका गावात बाजाराच्या दिवशी आमचा जलसा होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे आता आपलीच पोरं ग्रामपंचायतीत आहेत. चिंचेखाली आम्ही उभे राहिलो. पहिलंच गाणं सुरू झालं आणि गावातले चार जण आले. बोलले काही नाहीत. ढोलकी घेतली, विळा घातला, दोन्ही बाजूंचं कातडं फाडलं आणि परत आमच्या हातात दिली. म्हणाले, "वाजवा आता."

आमचे शाहीर खाली बसले. मी पण बसलो. बाजार सगळा बघत होता.

रस्त्याचं काम जवळच चाललं होतं. बायका घमेली घेऊन ऐकायला आल्या होत्या. त्यांत आई होती. तिने घमेल्यातली माती ओतली. घमेलं पालथं घातलं. त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी वाजवू लागली. लोखंडाचा आवाज तो, कर्कश. मग दुसरीने घातलं. मग तिसरीने. वच्छला नावाची एक दहा-अकरा वर्षांची पोर होती, तिच्याकडे घमेलं नव्हतं, तिने पाण्याचा डबा घेतला. एवढा गलका झाला की बैल बिथरले. ते चौघे उभेच राहिले. बायकांच्या अंगाला हात कसा लावणार, भर बाजारात?

आणि आईने गाणं जुळवलं. तिथल्या तिथे. तिला अक्षर येत नव्हतं.

घमेलं माझं पालथं घातलं, त्याचा झाला ढोल गं
माती वाहून दमले बाई, आता मोठ्यानं बोल गं

त्या दिवसापासून आमच्या जलशात ढोलकीबरोबर घमेलं असायचं.

हे मी भास्करला कधी सांगितलं नाही. तो शिकत होता, मला वाटलं त्याला हे ओझं होईल. तुला सांगितलं. आता काय करायचं ते कर.

आबा

*

क्लेटन
५ ऑक्टोबर २००८

प्रिय आबा,

जय भीम.

तुमचं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. ऑगस्टमध्ये आंटींना सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. घमेलं म्हणजे काय ते कळेना, तेव्हा ट्रॉलीवरचा स्टीलचा ट्रे पालथा घालून वाजवून दाखवला. नर्स धावत आली. आंटी तिला म्हणाल्या, "जा गं, तिची पणजी आलीये भेटायला." मग मला म्हणाल्या, "हे पुस्तकातलं नाही. हे तुझं."

आबा, त्या गेल्या. सप्टेंबरच्या मध्यावर. इथे तेव्हा झाडं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. त्यांच्या घरात वारलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे कोण. माझी शिफ्ट नव्हती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन गेले तर पलंगावर नवी चादर होती. मी सवयीने दोन चमचे साखर घातली होती. तो कप कुणाला द्यावा कळेना.

निरोपाच्या दिवशी डँडेनाँगच्या एका हॉलमध्ये सगळे जमले. मला टालियाने मेसेज केला होता, नाहीतर मी गेले नसते. शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या लोकांचा काळा, लाल, पिवळा झेंडा शवपेटीवर घातला होता. दूरदूरहून गाड्या करून लोक आले होते. सगळे एकमेकांना मिठी मारत होते, कोण कुणाचं कोण ते सांगत होते. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

टालियाने ती नदीची गोष्ट सांगितली. शाळेत सांगितली होती त्याहून लांब. मध्ये एकदा अडखळली, तर पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या पुढे वाकल्या. पण त्यांनी सांगितलं नाही, थांबल्या. तिला आठवलं.

नंतर चहा होता. मी आपोआप किचनमध्ये कप भरायला लागले. टालिया शोधत आली. "नॅन म्हणायची तुझ्याकडे पण एक आहे. पॅनवाली. डू इट."

मी म्हटलं, आज नको.

"नॅनने सांगितलंय."

आबा, तिने खरंच ओव्हनचा ट्रे काढून माझ्या हातात दिला. मी जमिनीवर बसले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, शाळेत मला कोरसमध्येसुद्धा मागे उभं करायचे. मी आधी गोष्ट सांगितली आणि मग म्हटलं. मराठीत. अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारी मी एकटी होते. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या वेळेला एका काकांनी टेबल वाजवायला सुरुवात केली, मग इतरांनी. एक म्हातारी रडत होती आणि हसत होती. म्हणाली, "व्हॉट कम्स नेक्स्ट, डार्लिंग?"

मला माहीत नव्हतं. मी तेच कडवं परत म्हटलं.

ट्रेनने परत आले. डब्यात माझ्याशिवाय एक माणूस होता, तो पुढच्या स्टेशनला उतरला. खोलीत आल्यावर खूप वेळ बूट काढले नाहीत. फोन हातात घेऊन बसले. पप्पांना काय सांगू? शेवटी लावला. सगळं सांगितलं, कोजागिरीचंसुद्धा. पप्पा म्हणाले, "हौसाआजीला मी पाहिलेलं आहे. तिचे तळहात काळे होते. का ते मी कधी विचारलं नाही."

मी आता त्या तिघींबरोबर राहत नाही, कारण त्यांनी नवीन लीज माझ्याशिवाय घेतलं. आता लिहून टाकलं. मी मजेत नाहीये, आबा. पण बरी आहे.

पुढचं कडवं काय होतं? पाठवा. लवकर पाठवा.

तुमची
प्रतीक्षा

*

मनमाड
९ नोव्हेंबर २००८

चि. प्रतीक्षा,

जय भीम. त्या बाईंच्या नातीला माझा आशीर्वाद कळव. नाव मीही लिहीत नाही.

भास्कर येऊन गेला. दोन दिवस राहिला. मला ऐकू येत नाही म्हणून पाटीवर लिहून बोलला. त्याचं अक्षर अजून बँकेतल्यासारखं आहे. तो सारखा माझ्यासमोर बसत होता.

कडव्याचं सांगतो. मी आठवायला बसलो. पुढचं कडवं होतं हे नक्की, कारण आई ते म्हणताना उजव्या हाताने वाजवणं थांबवायची, ते डोळ्यांसमोर आहे. शब्द नाहीत. विहारात विचारलं. त्या बायकांपैकी आता कुणी नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मला वाटलं, गेलं ते. तीन-चार दिवस जेवण गेलं नाही.

मग कुणीतरी कागदावर लिहून दिलं की वच्छला येवल्यात आहे. मुलाकडे. ती पाण्याचा डबा वाजवणारी पोर.

एसटीने गेलो. भास्करला सांगितलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं. कंडक्टरने येवला आल्यावर खांद्याला हात लावला. घर सापडायला वेळ लागला, कारण मी विचारायचो आणि उत्तर कळायचं नाही, तेव्हा लोक बोटाने दाखवायचे.

वच्छला सत्तरीची झाली आहे. दारात खाटेवर बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मी त्यांच्या मोरीतून अॅल्युमिनियमचं पातेलं उचललं, पालथं घातलं आणि वाजवलं. तिने माझ्याकडे असं बघितलं! मग तिने ते पातेलं माझ्याकडून ओढून घेतलं.

प्रतीक्षा, ती गायली. सगळं गायली. मी समोर दोन हातांवर होतो आणि मला काही ऐकू आलं नाही. तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ओठ हलत होते. मध्ये तिने उजवा हात थांबवला, आईसारखाच, तेव्हा कळलं की आता तेच कडवं चाललं आहे. मी पातेल्यावर तळहात ठेवला. थरथर लागली. तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

तिची सून पदराला हात पुसत येऊन उभी होती. तिला मी खुणेने म्हटलं, लिही. तिने लिहिलं, आणि खाली स्वतःहून लिहिलं की तीस वर्षं मी यांच्याबरोबर राहते, यांना गाणं येतं हे मला आज कळलं.

सूनबाईच्या अक्षरातलं तसंच उतरवतो.

चार जणांनी फाडलं कातडं, लोखंड कोण फाडील गं
लेकीच्या लेकी बसतील पुढं, हात कोण अडवील गं

चाल तीच आहे असं सूनबाई म्हणते. मला पडताळता आलं नाही.

तू डिसेंबरात येणार आहेस का, ते कळव. आलीस तर आधी येवल्याला जा, मग माझ्याकडे ये. मी थांबेन. वच्छलेचं सांगता येत नाही, तिला धाप लागते. निघताना मी तिला विचारलं, "आमची पोरगी परदेशातून तुला ऐकायला येणार आहे, तोवर राहशील का?"

तिने काहीतरी उत्तर दिलं. बरंच लांब होतं. मला कळलं नाही, आणि सूनबाई एवढी हसत होती की तिला ते लिहून देता आलं नाही.

आबा